मद्यपान, मोटार आणि न्यायासन

लग्नाच्या मेजवानीहून रात्रीं घरीं परततांना चौकांत पोलिस मोटार थांबवितात, श्वासपरीक्षेचें यंत्र चालकाच्या तोंडापुढें धरतात आणि त्यावर तिसाहून मोठा आकडा उमटतो. "पावती फाडा, दंड भरतों," असे उद्गार अशा वेळीं सर्रास ऐकूं येतात. सिग्नल मोडणें आणि मद्य घेऊन मोटार हांकणें हीं जणूं एकाच पंगतीचीं पानें, अशी सुशिक्षितांचीही समजूत आहे. ती किती महाग पडते, हें आज सांगावयाचें आहे.

१९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें १८५ वें कलम हें या प्रकरणाचें मूळ. १०० मिलिलिटर रक्तांत ३० मिलिग्रॅमहून अधिक मद्यार्क आढळला कीं गुन्हा घडला. कोणाला धक्का लागला होता कीं नाहीं, हा प्रश्नच येथें उद्भवत नाहीं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही. पुनः तोच गुन्हा केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा १५,००० रुपये दंड किंवा दोन्ही. ज्या गुन्ह्यांत तडजोडीची रक्कम भरून जागच्या जागीं सुटतां येतें, त्यांची यादी २०० व्या कलमांत आहे. १८५ वें कलम तींत नाहीं. न्यायालयाची पायरी चढावीच लागते.

दंडाचा आकडा सर्वांच्या तोंडीं असतो. परवान्याची गोष्ट मात्र कोणी काढीत नाहीं. माझ्या मतें खरी झळ तीच. विसाव्या कलमान्वयें दोषी ठरविणाऱ्या न्यायालयानें चालकास निदान सहा महिने परवान्यास अपात्र ठरवावयाचें असतें. नोकरदार गृहस्थ तेवढे दिवस लोकलनें जाईल. पण ज्याची चूल टॅक्सीच्या चाकावर पेटते, त्यानें काय करावें? मेजवानीच्या यजमानांनीं बाहेर उभ्या असलेल्या चालकांनाही 'थोडी घ्या' म्हणून आग्रह करण्यापूर्वीं हें ध्यानांत घ्यावें. शिवाय, या गुन्ह्यास प्रोत्साहन देणारासही १८८ व्या कलमाप्रमाणें तीच शिक्षा आहे!

यंत्रांत फुंकण्यास नकार देणें हा कित्येकांस मोठा शहाणपणा वाटतो. सबळ कारणावांचून दिलेला नकार हा फिर्यादी पक्षाच्या पुराव्यास पुष्टी देणारा मानतां येतो, असें २०५ वें कलम सांगतें. उलटपक्षीं, अटक झालेल्या माणसाचीही काळजी कायद्यानें घेतली आहे. दोन तासांच्या आंत नोंदणीकृत डॉक्टरकडून त्याची तपासणी झाली पाहिजे. न झाल्यास त्याला कोठडींतून सोडावें लागतें. ही तपासणी निरपराध्याचीही ढाल आहे. १९७१ सालीं महाराष्ट्रांतील एका खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें स्पष्ट केलें कीं, तोंडाला वास येणें, पाय लटपटणें एवढ्यावरून, रक्ताची परीक्षा केल्यावांचून, मद्यपानाचा निष्कर्ष काढतां येत नाहीं.

परंतु विम्याच्या दाव्यांत एवढा कडक पुरावा लागत नाहीं. २००७ च्या डिसेंबरांत दिल्लीच्या इंडिया गेटजवळ एक उंची मोटार आदळून नष्ट झाली. चालकाच्या रक्ताची परीक्षा झाली नव्हती. तरीही, मद्याच्या अंमलाखालीं वाहन चालविल्यास भरपाई नाहीं या अटीवर बोट ठेवून विमा कंपनीनें दावा फेटाळला, आणि परिस्थितिजन्य पुराव्यावरून सर्वोच्च न्यायालयानें २०२१ मध्यें तो नकार योग्य ठरविला. हें मोटारीच्या नुकसानीपुरतें झालें. रस्त्यावरील तिऱ्हाइताच्या भरपाईचे नियम निराळे आहेत.

आतां मनुष्यहानीकडे वळूं. निष्काळजीपणानें मृत्यु घडविल्यास जुन्या दंडविधानांत दोन वर्षांपर्यंत कैद होती. १ जुलै २०२४ पासून अमलांत आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या १०६ व्या कलमांत ती पांच वर्षांपर्यंत आहे. आपल्या हांकण्यानें कोणी मरेल याची चालकास जाणीव होती, असें न्यायालयास पटलें, तर मात्र तो सदोष मनुष्यवध होतो आणि कैदेची मर्यादा दहा वर्षांवर जाते. मुंबईचा कार्टर रोडचा खटला या भेदावरच लढला गेला. १२ नोव्हेंबर २००६ च्या पहांटे तेथें पदपथावर निजलेल्या मजुरांच्या अंगावरून मोटार गेली. सात जण मेले, आठ जखमी झाले. चालकाच्या रक्तांत १०० मिलिलिटरांस ११२ मिलिग्रॅम मद्यार्क आढळला. खालच्या न्यायालयानें निष्काळजीपणा मानून सहा महिन्यांची शिक्षा दिली. उच्च न्यायालयानें सदोष मनुष्यवध ठरवून तीन वर्षांची केली. २०१२ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें ती कायम केली, आणि ती अपुरी असल्याचेंही नमूद केलें. परंतु शिक्षा वाढवून मागण्यासाठीं राज्य सरकारनें अपीलच केलेलें नव्हतें.