कॉफी भाजणाऱ्याचें दुकान

मुंबईंत माटुंग्याला, किंग्ज सर्कलच्या आसपास, कॉफी भाजून देणाऱ्या दुकानाची पाटी दिसण्यापूर्वीं त्याचा वास येतो. आंत पाहावें तर दुकान म्हणण्यासारखें फारसें कांहीं नसतें. दोनतीन गोण्या, एक काटा, एक दळण्याचें यंत्र, आणि कोपऱ्यांत आडवें फिरणारें लोखंडी पिंप. त्या पिंपांत एका वेळीं थोडे किलोच माल मावतो. दक्षिणेंतून येऊन येथें स्थायिक झालेल्या कुटुंबांच्या कित्येक पिढ्यांची कॉफी अशाच पिंपांतून भाजून गेलेली आहे. मराठी गिऱ्हाइकेंहि तेथें येतात. कॉफींत जायफळ घालून ती दुधांत उकळणारें मराठी घर आणि पितळी फिल्टरांतून थेंबथेंब काढा गाळणारें तामिळ घर यांचें कॉफीसंबंधीं एकमत होणें कठीण. पण पूड दोघांनाहि ताजीच लागते. २०२४ व २०२५ या दोन सालांत या दुकानांवर जो प्रसंग आला, तो समजण्यासाठीं आधीं पिंपांत काय घडतें तें पाहिलें पाहिजे.

गोणींत असतो तो कच्चा दाणा. जुने लोक त्याला बुंददाणा म्हणत. तो हिरवट करड्या रंगाचा असून त्याला कॉफीचा वास मुळींच येत नाहीं, वाळलेल्या गवताचा येतो. त्यांतला बराचसा माल कर्नाटकांतील चिकमगळूर व कोडगू या डोंगराळ जिल्ह्यांतला. बाबा बुदन नांवाच्या सूफी साधूनें सतराव्या शतकांत येमेनहून सात दाणे आणून चिकमगळूरजवळच्या डोंगरावर पेरले, अशी कथा परंपरेनें सांगतात. तो डोंगर आजहि त्याच्याच नांवानें ओळखला जातो. अरेबिका जातीच्या फळाचा गर काढून, धुऊन वाळविलेल्या मालाला व्यापारांत ‘प्लँटेशन’ म्हणतात, आणि सालीसकट उन्हांत वाळविलेल्या फळाच्या मालाला ‘चेरी’. फळांत बहुधा एका बाजूनें सपाट असे दोन दाणे असतात. क्वचित् एकच दाणा गोल वाढतो; ती ‘पीबेरी’. ती पिंपांत सारखी घोळली जाते, म्हणून भाजणारे तिच्यावर खूष असतात.

पिंप तापलें कीं दाणा आंत सोडतात. पहिलीं कांहीं मिनिटें कांहींच घडत नाहींसें वाटतें. दाण्यांतलें पाणी तेवढें निघून जात असतें. मग रंग पिवळा होतो, भाजक्या पावासारखा वास सुटतो, आणि २०० अंश सेंटिग्रेडच्या सुमारास दाणे लाह्यांसारखे तडतडूं लागतात. येथून पुढें दुकानदाराचा सगळा जीव कानांत गोळा होतो. आणखी थांबलें तर दुसरी, बारीक तडतड ऐकूं येते, दाण्यावर तेल चढतें आणि कडवटपणा वाढतो. या दोन आवाजांच्या मधल्या थोड्या मिनिटांत कोठें थांबावयाचें, हीच त्याची विद्या. तो मधूनमधून चार दाणे बाहेर काढून पाहतो, हुंगतो, आणि एकदम सारा घाणा परातींत ओतून वाऱ्यावर निववितो. कारण गरम दाणा बाहेर काढल्यावरहि आपला आपण भाजत राहतो.

या खटपटींत दाणा फुगतो, पण वजनानें शेंकडा १५ ते २० घटतो. गिऱ्हाइकाच्या हें सहसा ध्यानांत येत नाहीं. समजा, घट शेंकडा १८ धरली. तर एक किलो भाजलेली कॉफी द्यावयास सुमारें १२२० ग्रॅम कच्चा दाणा पिंपांत टाकावा लागतो. म्हणजे कच्च्या मालाचा भाव किलोमागें १०० रुपयांनीं चढला, तर तयार मालावर १२२ रुपये चढले. सरपण, मजुरी व जागेचें भाडें याशिवाय.

आणि भाव चढला तो असातसा नव्हे. ब्राझीलमध्यें २०२४ सालीं मोठें अवर्षण पडलें. रोबस्टा जातीचें आगर असलेल्या व्हिएटनामांतहि त्या सुमारास पावसानें दगा दिला. न्यूयॉर्कच्या बाजारांत अरेबिकाच्या भावाचा १९७७ सालचा उच्चांक डिसेंबर २०२४ मध्यें मोडला, आणि फेब्रुवारी २०२५ मध्यें तो भाव पौंडाला ४ डॉलरच्याहि वर गेला. १९७७ ची तेजीहि ब्राझीलमुळेंच आलेली. जुलै १९७५ मधील हिमानें तेथील झाडें करपून गेलीं होतीं. ब्राझीलच्या पावसाशीं माटुंग्याच्या पिंपाचा संबंध काय, असें श्रोत्यांपैकीं कोणी विचारील. संबंध असा कीं, भारतांत वर्षाला सुमारें साडेतीन लाख टन कॉफी पिकते आणि तिचा मोठा भाग परदेशीं जातो. १९४२ च्या कायद्याखालीं मळेवाल्यांना आपला माल कॉफी बोर्डाच्या सामाईक सांठ्यांत द्यावा लागे, आणि देशांतल्या विक्रीचा व निर्यातीचा लिलाव बोर्ड वेगवेगळा करी. १९९० नंतरच्या दशकांत तें बंधन टप्प्याटप्प्यानें उठलें. मळेवाल्याचा त्यांत फायदा झाला, आणि तो न्याय्यच होता. पण तेव्हांपासून माटुंग्याचा दुकानदार हॅम्बर्गच्या व्यापाऱ्याशेजारीं एकाच रांगेंत उभा आहे.

अशा वेळीं दुकानदारापुढें तीन वाटा असतात. भाव वाढवावा, अरेबिकाच्या जागीं स्वस्त रोबस्टा चेरी अधिक घालावी, किंवा चिकोरी वाढवावी. तिसरी वाट सर्वांत सोपी आणि सर्वांत निसरडी.

चिकोरी म्हणजे एका झाडाचें मूळ. गुजराथेंत जामनगरकडे आणि उत्तर प्रदेशांत एटा-अलीगढकडे तें पिकवितात. कापून, वाळवून, भाजून त्याची पूड करतात. नेपोलियननें १८०६ सालीं इंग्रजी मालाला यूरोपचीं बंदरें बंद केलीं, त्यानंतर कॉफी मिळेनाशी झाली म्हणून फ्रान्समध्यें हिचा प्रसार झाला. तिच्यांत कॅफीन नाहीं, पण पाण्यांत ती कॉफीपेक्षां पुष्कळ अधिक विरघळते आणि काढा दाट व काळाभोर करते. फिल्टरच्या कॉफीचा जो दाटपणा अनेकांना प्रिय आहे तो बराचसा हिचाच. तेव्हां चिकोरी घालणें ही लबाडी नव्हे. गिऱ्हाईक स्वतःच ‘८०-२०’ किंवा ‘७०-३०’ असें प्रमाण सांगून पूड मागतें.

परंतु पुष्कळजण प्रमाण सांगत नाहींत. ते म्हणतात, “नेहमीची द्या.” सारा प्रश्न या एका शब्दांत आहे. ८०-२० ची न बोलतां ७०-३० केली, तर किलोमागें ८०० ग्रॅम कॉफीची ७०० ग्रॅम झाली. आठवा हिस्सा गेला. घरीं मात्र काढा पूर्वींइतकाच काळा, किंबहुना अधिकच काळा दिसतो, आणि गृहिणी म्हणते, माल चांगला आहे! भारतांतील अन्नविषयक नियमांप्रमाणें अशा मिश्रणांत कॉफी निदान शेंकडा ५१ असली पाहिजे व दोहोंचें प्रमाण वेष्टनावर छापलें पाहिजे. पण समोर दळून साध्या पिशवींत घेतलेल्या पुडीला दुकानदाराचा शब्द हेंच वेष्टन. शंकेखोरांना घरीं एक परीक्षा करतां येते. पेल्यांत थंड पाणी घेऊन वर चिमूटभर पूड टाकावी. कॉफी बराच वेळ तरंगते, चिकोरी लगेच खालीं जाते आणि पाण्यांत तांबूस रेघा सोडते.

दुकानदार सरळ असला तर तो आधींच विचारतो, “मामी, भाव वाढवूं कीं चिकोरी वाढवूं?” हा प्रश्न विचारणें धंद्याच्या दृष्टीनें सोपें नाहीं. मामी शेजारच्या दुकानांत जाऊं शकते, आणि तेथें तिला कोणी कांहींच न विचारतां जुन्याच भावांत ‘नेहमीची’ देऊं शकतो.

मुंबई-पुण्यांत आतां दुसऱ्या थाटाचीं लहान दुकानेंहि निघालीं आहेत. त्यांच्या पाकिटावर मळ्याचें नांव, समुद्रसपाटीपासून उंची, झाडाची जात आणि भाजल्याची तारीख छापलेली असते. चिकोरीचें नांव तेथें काढावयाचें नाहीं. संत्रें, गूळ, मोगरा अशा चवीहि त्या पाकिटावर वाचावयास मिळतात, पेल्यांत मिळतीलच असें नाहीं. किंमत साध्या घराला रोज परवडणारी नव्हे. तारीख छापण्याची त्यांची रीत मात्र निःसंशय चांगली. भाजलेला अख्खा दाणा कांहीं आठवडे चांगला राहतो, पण दळल्याबरोबर त्याचा सुगंध उडूं लागतो. म्हणून माटुंग्यांतलें जाणतें गिऱ्हाईक महिन्याची पूड एकदम नेत नाहीं, आठवड्यापुरती नेतें.

चिकमगळूरकडे मार्च-एप्रिलांत वळवाच्या कांहीं सरी पडतात. त्यानंतर आठदहा दिवसांत अरेबिकाचीं झाडें पांढऱ्या फुलांनीं भरून जातात, आणि नोव्हेंबरपासून होणाऱ्या तोडणीचा अंदाज तेव्हांच बांधतां येतो. त्या दिवसांत दुकानदार मळ्यावर टेलिफोन करतो तेव्हां भावाची गोष्ट शेवटीं निघते. आधीं तो पाऊस झाला का, तें विचारतो.