रुग्णालयातील संसर्ग : प्रश्न स्वच्छतेचा आणि श्रमाचाही
(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषण)



व्हिएन्नाच्या सार्वजनिक रुग्णालयात १८४०च्या दशकात बाळंतिणींचे दोन विभाग होते. पहिल्यात डॉक्टर व वैद्यकाचे विद्यार्थी काम पाहत, दुसऱ्यात सुईणी. १८४६ साली पहिल्या विभागात शंभरांतील अकरा बाळंतिणी दगावल्या. दुसऱ्यात तिघींहूनही कमी. मोफत उपचारांसाठी येणाऱ्या गोरगरीब स्त्रियांना हा फरक ऐकून ठाऊक होता. आपल्याला दुसऱ्या विभागात घ्यावे, म्हणून त्या गयावया करीत.

इग्नाझ सेमेलवाइस या तरुण डॉक्टराने १८४७ साली कारण शोधले. शवविच्छेदन करून आलेले विद्यार्थी त्याच हातांनी बाळंतिणींना तपासत. क्लोरिनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुण्याची त्याने सक्ती केली आणि १८४८ साली त्या विभागातील मृत्यूचे प्रमाण दीड टक्क्याच्या आत आले. तथापि रोग डॉक्टरांच्याच हातांनी पसरतो, हे मान्य करणे अनेक प्रतिष्ठितांना जड गेले.

आज हे ज्ञान सर्वमान्य आहे. तरीही जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ सालच्या अहवालानुसार रुग्णालयात दाखल होणाऱ्या शंभर रुग्णांपैकी श्रीमंत देशांत सात, तर अल्प व मध्यम उत्पन्नाच्या देशांत पंधरा जणांना तेथेच नवा संसर्ग जडतो. अशा दहा रुग्णांमागे सुमारे एक दगावतो.

ही तफावत केवळ सवयींची म्हणता येणार नाही. जेथे खाटेला खाट लागलेली आहे, एका परिचारिकेवर अख्ख्या वॉर्डाचा भार आहे आणि नळाला पाणी नाही, तेथे ‘हात धुवा’ असा फलक लावून काय साधणार? साबण, हातमोजे व सफाई कामगारांचे वेतन यांवर अंदाजपत्रकात जी बचत दिसते, ती रुग्णाच्या कुटुंबाकडून वसूल होते. जखम चिघळली की मजुराचा मुक्काम लांबतो, रोज बुडतो, सोबतीला राहिलेल्या पत्नीचाही बुडतो आणि महागड्या औषधांसाठी कर्ज काढावे लागते. हा खर्च सरकारी जमाखर्चात कोठेच नोंदला जात नाही.

दुसरा भार सफाई कामगारावर पडतो. २०१६च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनुसार कचरा निर्माण होतो तेथेच पिवळा, लाल, पांढरा व निळा या रंगांप्रमाणे वेगळा करावा लागतो. तो हाताळणाऱ्यांना प्रशिक्षण देणे, हिपॅटायटीस-बी व धनुर्वात यांची लस टोचणे बंधनकारक आहे. परंतु हे काम ठेक्यावर गेले की माणसे वरचेवर बदलतात आणि प्रशिक्षण कागदावर उरते. पिशवीत चुकून पडलेली सुई त्याच्याच हाताला टोचते.

म्हणून कार्यकर्त्यांनी आपल्या तालुक्यातील सरकारी रुग्णालयात जाऊन काही साधे प्रश्न विचारावेत. प्रत्येक वॉर्डात चोवीस तास पाणी व साबण आहे काय? रात्रपाळीला किती परिचारिका असतात? किती सफाई कामगार कायम आहेत व कितींना लस मिळाली? शस्त्रक्रियेनंतर किती जखमा चिघळल्या, याची नोंद ठेवली जाते काय, आणि ती जनतेसमोर मांडली जाते काय?

शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. व्हिएन्नात दोन विभागांच्या मृत्यूंची नोंद होती, म्हणूनच ती शेजारी मांडून जाब विचारता आला. आपल्या रुग्णालयांतही तशी नोंद मागणे, हा जनतेचा हक्क आहे.