टांग



खासबागेच्या गावात, कोल्हापुरात, बुद्धिबळावर बोलायचं आणि तेही डावाच्या सुरुवातीलाच आपलं प्यादं समोरच्याच्या तोंडी देणाऱ्या गँबिटवर, म्हणजे थोडं धाडसच. तरी विषय मीच निवडला. कारण गँबिट हा शब्द मुळात बुद्धिबळाचा नाहीच, तो कुस्तीचा आहे.

इटालियन भाषेत 'गांबा' म्हणजे पाय आणि 'गांबेत्तो' म्हणजे पायात पाय घालून पाडणं. आपल्या तालमीत जिला टांग म्हणतात, तीच. रुय लोपेझ नावाचा स्पॅनिश धर्मगुरू १५६० साली रोमला जाऊन आला. १५६१ मध्ये त्याचं बुद्धिबळावरचं पुस्तक निघालं आणि आखाड्यातला हा शब्द पटावर आला. पुढं १९०२ साली आपले शाहू महाराज युरोपच्या दौऱ्यात रोमचं कलोसियम पाहून आले आणि १९१२ साली इथं खासबाग मैदान उभं राहिलं. एकानं रोमहून शब्द आणला, दुसऱ्यानं आखाडा. यातून काही सिद्ध होत नाही, हे मलाही कळतं. पण कोल्हापुरात बोलताना हा योगायोग सोडवत नाही.

टांग कशी लागते हे इथं मी सांगायला नको. समोर बसलेल्या कितीतरी जणांच्या अंगाला कधी ना कधी लाल माती लागली असेल. टांग मारणाऱ्याला क्षणभर एका पायावर उभं राहावं लागतं. समोरच्याचा तोल काढायचा तर आधी स्वतःचा पणाला लावायचा. लागली तर चितपट, हुकली तर आपलीच पाठ मातीत. गँबिटमधलं प्यादं म्हणजे हा पुढं टाकलेला पाय. त्याला दान, त्याग वगैरे म्हणणं मला पटत नाही.

राजाचा गँबिट घ्या. पहिल्या चालीला दोन्ही राजांपुढची प्यादी समोरासमोर येऊन भिडतात. दुसऱ्या चालीला पांढरा राजाच्या बाजूच्या उंटापुढचं प्यादं दोन घरं रेटतो. काळ्यानं ते खुशाल मारावं. त्या बदल्यात काळ्याचं प्यादं मधून बाजूला जातं आणि पुढं किल्लेकोट केला की पांढऱ्या हत्तीला ती उभी पट्टी मिळते. पण पांढऱ्या राजाच्या अंगावरचं पांघरूणही गेलेलं असतं.

आपल्या देशी खेळात प्यादं एका वेळी एकच घर चालायचं, त्यामुळं असा दुसऱ्या चालीचा धडाका तिथं शक्यच नव्हता. १८४८ साली कलकत्त्यात कॉक्रेन नावाच्या स्कॉटिश बॅरिस्टरनं या देशी खेळात मुरलेल्या महेशचंद्र बॅनर्जींविरुद्ध चौथ्याच चालीत घोडा दिला. ती सुरुवात आजही कॉक्रेन गँबिट म्हणून ओळखली जाते. महेशचंद्रांची स्वतःची रीत उलटी. प्यादी एकेक घर सरकवून समोरच्याला अंगावर येऊ द्यायचं. 'इंडियन डिफेन्स' हे नाव त्या रीतीवरून पडलं.

पण टांग खरी पाहायची तर २१ जून १८५१ च्या लंडनमध्ये चला. पांढऱ्या सोंगट्यांनी अँडरसन, काळ्यांनी किझेरित्स्की. स्पर्धेतला नव्हे, सहज मांडलेला, राजाच्याच गँबिटचा डाव. तिसऱ्याच चालीला काळ्या वजिरानं शह दिला, पांढरा राजा हलला, किल्लेकोटाचा हक्क गेला. पुढं पांढऱ्यानं एक उंट दिला, दोन्ही हत्ती दिले, शेवटी वजीर दिला आणि तेविसाव्या चालीला उंटानं मात केली. लोक या बलिदानांवर भाळतात. मी मात्र काळ्याच्या चाली मोजल्या. त्याच्या बावीस चालींपैकी आठ एकट्या वजिराच्या! हत्ती दोन्ही घरातच, दोनपैकी एक उंट जागचा हललेला नाही. पांढऱ्यानं अख्ख्या डावात मारलं काय, तर तीन प्यादी. काळ्याचं एकही मोहरं मेलं नव्हतं आणि राजा मेला होता.

म्हणून गँबिट घेणाऱ्याची परीक्षा प्यादं खाण्यात नसते, खाल्लेलं वेळेवर परत करण्यात असते. टांग आली की शहाणा पैलवान पाय सोडवून घेतो. फिशर १९६० साली मार देल प्लाताला स्पास्कीच्या राजाच्या गँबिटपुढं हरला. पुढच्या वर्षी त्यानं लेख लिहून हा गँबिट खोटा ठरवला. नंतर तो स्वतःच खेळला आणि जिंकलाही! आज संगणक फिशरच्या लेखाच्या बाजूनं कौल देईल. पण संगणकाचा तोल जात नाही, माणसाचा जातो. १९९५ साली रिगाला कास्पारोव्हनं एका बोटीच्या कप्तानाच्या नावाचा जुना इव्हान्स गँबिट काढला आणि आपल्या आनंदला पंचवीस चालींत हरवलं. मालिकेमुळं गाजलेला वजिराचा गँबिट मात्र मी टांग मानत नाही. तिथं दिलेलं प्यादं बहुधा परत मिळतंच. ती नुसती हूल.

शेजारच्या सांगलीनं भाऊसाहेब पडसलगीकरांच्या पाठबळावर बुद्धिबळाची पंढरी म्हणून नाव कमावलं. भाग्यश्री साठे-ठिपसे तिथल्याच. आपण कुस्ती ठेवून घेतली आणि बुद्धिबळ सांगलीला सोडलं. आपलाही हा एक गँबिटच म्हणा.

माझे एक चुलते जन्मभर तालमीत राहिले. पटाशी त्यांचा संबंध नाही. एकदा मी त्यांना अँडरसनचा तो डाव शेवटपर्यंत मांडून दाखवला. बलिदानांचं त्यांना काहीच वाटलं नाही. मेलेल्या राजाकडं बघत त्यांनी विचारलं, "आणि ह्याचा वजीर कुठं होता रे?"

मी पांढऱ्याच्या पार कोपऱ्यातलं घर दाखवलं. तिथला हत्ती मारून काळा वजीर अजून तिथंच बसला होता.

"म्हणजे घरात मारामारी, आणि हा जेवायला गेलेला," चुलते म्हणाले.