वाजवणारे हात आणि गाणारा समाज
(विहाराच्या वर्धापन दिनी दिलेले भाषण)



संगीत आणि समाज यांचे नाते काय, असा विषय मला दिला आहे. विषय मोठा आहे, पण त्याचे उत्तर आपल्याच वाडीत आहे.

गावगाड्यात वाजप हे आपल्या अनेक पूर्वजांचे काम होते. लग्न दुसऱ्याचे, मिरवणूक दुसऱ्याची. वाजवणारा मात्र मांडवाबाहेर! कला होती, पण तिला मान नव्हता. म्हणजे कोणी वाजवावे आणि कोणी ऐकावे, हे समाजाने जातीवर ठरवले होते. 14 ऑक्टोबर 1956 ला बाबासाहेबांनी नागपुरात धम्मदीक्षा दिली आणि त्यानंतर गावोगाव आपल्या माणसांनी ही कामे सोडली. 1958 च्या कायद्याने महार वतनही गेले. समाज बदलला, तसे वाद्यही बदलले असे म्हणायचे. पण हे अर्धेच खरे.

उरलेले अर्धे असे, की गाण्यानेही समाज बदलला. महात्मा फुल्यांनी 1873 साली सत्यशोधक समाज काढला. पुढे त्याचे जलसे निघाले. तमाशाचा गण, गवळण, वग हा साचा तोच, विचार मात्र नवा. त्याच वाटेने आंबेडकरी जलसे आले. भीमराव कर्डकांसारखे शाहीर गावोगाव फिरले. ज्यांना अक्षर येत नव्हते त्यांना चळवळ कानांनी कळली. वामनदादा कर्डक स्वतः मुंबईत मोठेपणी लिहा-वाचायला शिकले आणि त्यांची गाणी घराघरात पोचली. अनेक भीमगीते सिनेमाच्या चालीवर बांधलेली असत. त्याला कोणी नावे ठेवतात. पण चाल आधीच ओठांवर असली की नवे शब्द लगेच पाठ होतात, हे त्यामागचे शहाणपण होते.

आपल्याकडे ही गाणी कशी आली? मुंबईतल्या गिरणीत, गोदीत राबणारा चाकरमानी बोटीने, एस.टी.ने गावी यायचा. पेटीत कपड्यांबरोबर गाण्यांची छोटी पुस्तके असायची. 1980 नंतर कॅसेटी आल्या. शर्मिला रेगे यांच्यासारख्या अभ्यासकांनी अशा पुस्तिकांना आणि गाण्यांना इतिहासाचे साधन मानले. आपण मात्र ती रद्दीत टाकली!

आता तरुणांना एक प्रश्न विचारतो, राग मानू नका. जयंतीला डी.जे. लावता. छाती हादरते, पण एक तरी शब्द कानात राहतो का? उलट काही जण म्हणतात, ढोल हे गुलामीचे चिन्ह, तो नकोच. मला हेही पटत नाही. गुलामी चामड्यात नव्हती, ती हुकमात होती. दुसऱ्याच्या हुकमाने वाजवणे सोडले, ते योग्यच केले. पण आपल्या जयंतीला, आपल्या मर्जीने, मानाने वाजवला तर तोच ढोल मुक्तीचा होतो.

म्हणून या वर्षी एक काम करूया. वाडीतल्या वृद्ध माता-भगिनींकडे वही घेऊन बसा. गाणे कोणते, कुठून शिकलात, कोणत्या प्रसंगी म्हणत होता आणि कधी बंद झाले, हे चार प्रश्न विचारा. आवाजही टिपून ठेवा. हा अभ्यास बाहेरून कोणी येऊन करणार नाही. ह्या काम आपणच करूक व्हया! एक म्हातारी गेली की तिच्याबरोबर पन्नास गाणी जातात, एवढे ध्यानात ठेवा.

 जयभीम! नमो बुद्धाय!