दुखत नाही म्हणून



मी डॉक्टर नव्हे, कामगारांत वावरणारा माणूस आहे. तेव्हा तंबाखूविषयी बोलताना कामापासूनच सुरुवात करतो. कापडगिरणीत कापूस पेटण्याचे भय, म्हणून खात्यात विडीकाडीला बंदी असे. मग रात्रपाळीत झोप आणि भूक मारण्यासाठी तंबाखू-चुना तळहातावर मळून गालात धरायचा. घरी बायका मिश्री लावीत. अशा माणसांना व्यसनी म्हणून हिणवणे सोपे आहे. परंतु ही सवय पुष्कळदा पोटाने आणि पाळीने लावलेली असते.

चुन्यामुळे निकोटीन रक्तात लवकर उतरते, म्हणून तरतरी वाटते. पण तंबाखूतील कर्करोगकारक द्रव्येही त्याच जागी तासन् तास मुरत राहतात. हिरड्या दातांपासून सुटतात, पुसून न जाणारा पांढरा चट्टा उमटतो, आणि त्यातल्या काहींचा पुढे कर्करोग होतो. सुपारीही निर्दोष नाही. तिने गाल आतून ताठर होतात, तिखट सोसत नाही, आणि शेवटी तोंडात तीन बोटे उभी मावत नाहीत. 2012 साली महाराष्ट्रात गुटख्यावर बंदी आली, तर लोक सुपारी आणि तंबाखूच्या दोन वेगळ्या पुड्या घेऊन एकत्र करू लागले!

यातला खरा धोका असा की, आरंभी काहीच दुखत नाही. दुखत नाही म्हणून कामगार खाडा करीत नाही, आणि दुखू लागते तेव्हा आजार बराच पुढे गेलेला असतो. वास्तविक पोटातला रोग दिसत नाही, तोंडातला दिसतो. उजेडात आरसा धरून ओठांची आतली बाजू, गाल, जिभेच्या कडा आणि जिभेखालची जागा पाहावी. पांढरा वा लाल चट्टा, गाठ, किंवा दोन आठवड्यांत न भरलेली जखम दिसली, तर डॉक्टरांना दाखवावी. तंबाखू केव्हाही सोडली तरी धोका कमी होत जातो.

परंतु एवढे सांगून आपली जबाबदारी संपत नाही. तपासणीसाठी दिवसाची मजुरी बुडत असेल, तर गरीब माणूस दुखेपर्यंत थांबणारच. कारखान्यातल्या यंत्राची तपासणी मालक वेळच्या वेळी, स्वतःच्या खर्चाने करतो. यंत्र चालवणाऱ्याच्या तोंडाची तपासणीही भरपगारी व्हावी, ही मागणी आपण सर्वांनी उचलून धरावी, एवढीच माझी विनंती आहे.