हट्टी लोखंड आणि जुनी मोटार



संतवाङ्मय, अर्थकारण आणि आयुर्वेद यांच्या पंक्तीला व्याख्यानमालेच्या पत्रिकेत ‘जुन्या मोटारीचा दांडा’ हा विषय पाहून, छापखान्यात खिळ्यांची अदलाबदल झाली असावी असे काहींना वाटले असेल. तसे झालेले नाही. विषय मी मागून घेतला आहे, आणि चिटणिसांनी तो हसत हसत मान्य केला आहे. जुनी वस्तू दुरुस्त करताना तिच्यातले काय राखायचे आणि काय बदलायचे, हा प्रश्न वाडा, देऊळ, पोथी आणि घरातले रीतिरिवाज या सर्वांनाच लागू आहे. मोटारीच्या दांड्यापाशी तो हाताला लागतो, तोलता येतो, आणि चुकीचे उत्तर दिले तर जिवावर बेततो. म्हणून हा दांडा.

उदाहरणासाठी एकच गाडी घेऊ. इंग्लंडात कॉव्हेंट्री येथे ट्रायम्फ कंपनीने १९६५ साली ‘टीआर ४ ए’ नावाची दोन माणसांची, उघड्या टपाची गाडी काढली. तिच्या पाठोपाठ १९६७ साली टीआर ५ आणि नंतर टीआर ६ आली. टीआर ६ चे उत्पादन १९७६ साली थांबले. आपल्याकडच्या जुन्या मंडळींना हे घराणे अगदीच परके नाही. १९६१ पासून मद्रासला बनू लागलेली स्टँडर्ड हेरल्ड ही मूळची ट्रायम्फचीच गाडी. ज्यांनी तिच्या मागच्या चाकाचा हब कधी काढवून घेतला असेल, त्यांना मी पुढे काय सांगणार याची कल्पना आताच आली असेल.

आता थोडे यंत्रशास्त्र. बैलगाडीचा आस एकसंध असतो. एक चाक खड्ड्यात गेले की सबंध गाडी कलते. बहुतेक जुन्या मोटारींची मागची बाजू याच बैलगाडीची सुधारलेली आवृत्ती होती. एका जड नळीत दोन्ही चाकांचे दांडे, मध्ये डिफरन्शियल, आणि हे सारे ओझे पाट्यांवर टांगलेले. एका चाकाला धक्का बसला की दुसऱ्यालाही तो कळे. वेगाने वळणे घेणाऱ्या गाडीला हा शेजारधर्म परवडत नाही. म्हणून डिफरन्शियल गाडीच्या सांगाड्याला पक्के बसवायचे आणि प्रत्येक चाकाला आपापले वरखाली होऊ द्यायचे, ही रचना पुढे आली. ट्रायम्फने ती १९६३ सालच्या आपल्या ‘२०००’ या घरगुती गाडीत वापरली होती; तीच पुढे या खेळकर गाडीला दिली.

पण यात एक पेच आहे. डिफरन्शियल जागेवर स्थिर आणि चाक हलते. मग दोहोंना जोडणाऱ्या दांड्याने एकाच वेळी तीन कामे करायची: फिरायचे, वाकायचे आणि लांब-आखूड व्हायचे. १९६१ च्या जग्वार ई-टाईपमध्ये दांड्यालाच चाक धरून ठेवणारा वरचा हात बनवले. त्यामुळे त्याची लांबी बदलण्याची गरजच उरली नाही. १९६२ च्या लोटस इलानमध्ये दांड्याच्या दोन्ही टोकांना रबराची जाडजूड कडी बसवली. वाकणे आणि ताणणे दोन्ही रबराने सोसायचे. ट्रायम्फने तिसरी वाट धरली. दोन्ही टोकांना, आपले मिस्त्री ज्याला नुसता ‘क्रॉस’ म्हणतात तो युनिव्हर्सल जॉइंट, आणि मध्ये म्यानात तलवार सरकावी तसा एकात एक सरकणारा दात्यांचा जोड. त्याला स्प्लाइन म्हणतात.

कागदावर ही रचना निर्दोष आहे. रस्त्यावर तिच्यात दोन खोडी निघाल्या.

पहिली क्रॉसची. हा सांधा तिरका असताना फिरवणारी बाजू एकसारखी फिरली, तरी पुढची बाजू प्रत्येक फेऱ्यात दोनदा घाई करते आणि दोनदा रेंगाळते. वीस अंशांच्या कोनात हा फरक सुमारे सहा टक्के इकडे आणि सहा टक्के तिकडे इतका असतो. दांड्याच्या दोन्ही टोकांचे क्रॉस योग्य दिशेत बसवले आणि दोन्हीकडचे कोन सारखे राहिले, तर एकाची चूक दुसरा पुसतो. मात्र दांडा पुन्हा जोडताना स्प्लाइनचे दाते चुकीच्या खाचेत बसवले, की दोघांच्या चुकांची बेरीज होते. म्हणून दांडा उलगडण्यापूर्वी दोन्ही भागांवर छिन्नीने खूण करावी. खडूची खूण तेलाने पुसून जाते.

दुसरी खोड अधिक घातक. लाकडी कपाटाचा खण एका बाजूने ओढला की तो तिरका होऊन अडकतो. जोर लावला की घट्टच बसतो आणि मग एकदम निसटून हातात येतो. स्प्लाइनचे तसेच होते. पहिल्या गिअरमध्ये इंजिनाचा पीळ चाकांपर्यंत पोहोचेतो सुमारे दहापट झालेला असतो. त्या पिळाखाली स्प्लाइनचे दाते एकमेकांवर इतके दाबले जातात की सरकणे थांबते. चाकाला वर जायचे असते, पण दांडा आखूड व्हायला तयार नसतो. चालक वळणावर वेगाची पट्टी दाबून असतो तोवर हे मागचे चाक अडकलेलेच राहते. त्याने पाय उचलला की पीळ नाहीसा होतो, दाते सुटतात, चाक एकदम आपल्या जागी येते आणि गाडीची शेपटी झटका देते. नेमक्या वळणात, नेमक्या नको त्या क्षणी. वंगण सुकले, दाते झिजले, की ही खोड वाढत जाते.

याखेरीज चाकाचा हब ज्या छोट्या आसावर बसतो, त्याचा प्रश्न आहेच. पोलादाला वर्षानुवर्षे उलटसुलट ताण बसला की त्यात केसासारखी चीर जन्मते आणि मुंगीच्या पावलाने आत शिरते. बाहेरून काही दिसत नाही. या गाड्यांत हा आस मोडून चाक निखळल्याची उदाहरणे आहेत. तेव्हा दांडा काढून पाहणे हे हौसेपुरते काम नाही.

आता तो काढायचा कसा?

पुस्तकात हे काम अर्ध्या पानात उरकते. गाडी लोखंडी घोड्यांवर नीट टेकवा, चाक काढा, ब्रेकचा ड्रम काढा. आतल्या बाजूला डिफरन्शियलशी जोडणारे चार बोल्ट सोडवा, बाहेरच्या बाजूचे सहा नट सोडवा, आणि हबसकट सारा दांडा बाहेर ओढून घ्या. पन्नास वर्षे पावसापाण्यात आणि रस्त्यावरच्या मिठात काढलेले लोखंड मात्र पुस्तक वाचत नाही. ‘मोडेन पण वाकणार नाही’ हा बाणा आपण माणसांत वाखाणतो. नट-बोल्टांत तो आढळला की त्याची किंमत कळते.

हा हट्ट कोठून येतो? गंज हा लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा व्यापतो. दोन भागांमधील फटीत तो धरला की फुगून पाचरीसारखा बसतो. येथे त्याला एक जोडीदारही मिळतो. मागचे चाक धरणारा हात ॲल्युमिनियमचा आणि त्यात रोवलेले सहा स्टड पोलादाचे. दोन भिन्न धातू आणि मध्ये खारट ओल, म्हणजे लहानशी विजेची बॅटरीच. त्यात ॲल्युमिनियम झिजते आणि पांढरी भुकटी साचते. आता नटावर आडदांड जोर केला, तर नट सुटण्याऐवजी स्टडच आटे घेऊन बाहेर येतो. आटे गेले की तेथे भोक मोठे करून पोलादी तारेची आट्यांची वेटोळी बसवावी लागतात. हे चांगले चालते. पण दहा मिनिटांचे काम दोन दिवसांचे होते.

म्हणून पहिले हत्यार म्हणजे सवड. आधी तारेच्या ब्रशाने आटे साफ करावेत. झिरपणारे तेल आज सोडावे, उद्या पुन्हा सोडावे, परवा पाना लावावा. पाना सहा बाजूंचा आणि नेमक्या मापाचा असावा. नट किंचित सुटला की लगेच सगळा काढण्याचा मोह आवरावा. पाव फेरा पुढे, थोडा मागे, पुन्हा तेल. गंजाचा चुरा आट्यांतून बाहेर पडू द्यावा.

दुसरे हत्यार उष्णता. तापलेला नट प्रसरण पावतो आणि पकड सोडतो. पण ज्योत नटावर धरायची, हातावर नव्हे. पोलाद लाल होईतो ॲल्युमिनियमचा जोर केव्हाच गेलेला असतो, आणि ते लाल होऊन इशारा देत नाही, एकदम ढासळते. बेअरिंगचे कडक केलेले पोलादही फार तापले की मऊ पडते. जवळ ब्रेकची नळी आणि पेट्रोल असते, हे मी सांगायला नको.

तिसरे आणि शेवटचे हत्यार म्हणजे बळ, आणि त्याची खरी गरज हबपाशी लागते. हब निमुळत्या आसावर दाबून बसवलेला असतो, मध्ये एक चावी असते. निमुळतेपणा इतका बारीक, की एकदा दाबला की घर्षणच त्याला धरून ठेवते. कुऱ्हाडीच्या दांड्यातली पाचर जशी आपोआप निघत नाही, तसेच हे. साधा दोन पायांचा पुलर लावला तर हबची कडा वाकते आणि हब जागचा हलत नाही. त्यासाठी हबच्या चारही बोल्टांना पकडणारा जाडजूड पुलर लागतो. त्याचा मधला स्क्रू शक्य तितका आवळावा, हब थोडा तापवावा, आणि स्क्रूच्या डोक्यावर घणाचा एकच सरळ घाव घालावा. नाही सुटला तर ताण तसाच ठेवून रात्रभर वाट पाहावी. तो सुटतो तेव्हा बंदुकीच्या बारासारखा आवाज होतो. म्हणून आसाचा नट पूर्ण काढू नये, टोकाशी चार आटे अडकवून ठेवावा. नाहीतर सुटलेला हब समोरच्याच्या छातीवर येईल. दिवसभर झुंजूनही जो सुटत नाही तो मोठ्या हायड्रॉलिक प्रेसवाल्याकडे न्यावा. यात कमीपणा नाही.

दांडा हाती आला की क्रॉसचे कप हलतात का, दाते किती झिजले, हे पाहावे. आस स्वच्छ करून त्यावर रंगद्रव सोडावे. चीर असेल तर पुसल्यावरही रंग तिच्यात राहतो आणि तिचे चित्र उमटते. चीर दिसली की भावनेला जागा नाही. तो आस भंगारात.

येथे खरा वाद सुरू होतो. आज या गाड्यांसाठी नव्या पद्धतीचे दांडे मिळतात. त्यांत क्रॉसऐवजी समवेगी सांधे असतात. अल्फ्रेड रझेपा या इंजिनिअराने १९२० नंतरच्या दशकात शोधलेल्या सांध्यात सहा पोलादी गोळ्या वाकड्या खाचांत अशा फिरतात, की कोन कितीही असो, त्या नेहमी कोनाच्या बरोबर मधल्या पातळीत राहतात. त्यामुळे घाई-रेंगाळणे उरत नाही. १९५९ च्या मिनी गाडीने हा सांधा घरोघर नेला. नव्या दांड्यात लांबी बदलण्याचे कामही आतल्या सांध्यात लोळणाऱ्या गोळ्यांकडे असते. सरकण्यापेक्षा लोळणे सोपे, म्हणून पिळाखालीही तो अडकत नाही. सोबत नवा, मजबूत आस आणि हब येतो.

एक पक्ष म्हणतो, हे बसवले की गाडी ट्रायम्फ राहिली नाही. दुसरा म्हणतो, दोष म्हणजे वारसा नव्हे. मला दोन्ही पक्षांत तथ्य दिसते. जुन्या वाहनांच्या ‘फिवा’ या जागतिक संघटनेने २०१२ साली तुरीन सनद स्वीकारली. वास्तूंच्या जतनासाठी १९६४ साली झालेल्या व्हेनिस सनदेचा धडा तिने मोटारींसाठी गिरवला आहे. तिचे सांगणे थोडक्यात असे: बदल करावाच लागला तर तो नजरेत भरू नये, शक्यतो परत फिरवता यावा, आणि काढलेले महत्त्वाचे मूळ भाग गाडीसोबत जपावेत.

या कसोटीवर नवा दांडा उतरतो. तो त्याच चार बोल्टांवर आणि त्याच सहा स्टडांवर बसतो. सांगाड्याला कोठे कापावे लागत नाही, डाग द्यावा लागत नाही. उद्या कोणी जुने दांडे परत लावू म्हणाला तर एका दुपारचे काम. म्हणून माझे मत असे, की जी गाडी संग्रहालयात उभी राहणार तिचे दांडे निगुतीने दुरुस्त करून मूळचेच ठेवावेत, आणि जी वळणावर धावणार, जिच्यात शेजारी दुसरे माणूस बसणार, तिला नवे द्यावेत. जुने दांडे मात्र ग्रीस लावून, चिठ्ठी बांधून, फळीवर ठेवावेत. त्या चिठ्ठीवर काय काढले, का काढले आणि केव्हा काढले, हे लिहावे.

नव्यालाही आपली खोड आहे, हे विसरू नये. त्याच्या सांध्यावरचे रबरी आवरण फाटले की धूळ आत जाते आणि सांधा थोड्याच दिवसांत खलास होतो. जुना क्रॉस निदान कटकट करून महिनोन्‌महिने तक्रार करी.

श्रोतेहो, हा विषय माझ्या दृष्टीने येथे पुरा होतो. जुन्याशी झगडताना घण सगळ्यांत शेवटी उचलावा, हे कारखान्यातले मिस्त्री अनुभवाने जाणतात. वाडे पाडणाऱ्यांनी आणि पोथ्या जुळवणाऱ्यांनी ते त्यांच्याकडून शिकावे. जे काढले ते फेकू नये, आणि जे बदलले ते लपवू नये, एवढेच मला सांगायचे होते.