विसर पडलेल्या वडीलधाऱ्यांविषयीं आपलें कर्तव्य
(ज्युबिलीच्या निमित्तानें मिस्सेनंतर केलेलें भाषण)



ज्युबिली हा स्मरणाचा उत्सव होय. हें ख्रिस्तमंदिर कोणीं उभारिलें, विटा-चुना कोणीं वाहिला, हें सांगूं शकणारीं माणसें आपल्या गांवांत अजून आहेत. परंतु त्यांपैकीं कित्येकांस आज स्वतःच्या मुलांचीं नांवेंही आठवत नाहींत. त्यांच्याविषयीं दोन शब्द बोलावे, असें आम्हांस वाटतें.

‘साठी बुद्धि नाठी’ ही म्हण आपल्या तोंडीं सहज येते. कोणी म्हातारचळ म्हणून हंसतो, कोणी बाहेरची बाधा समजतो. वास्तविक हा मेंदूचा रोग आहे. जर्मन वैद्य अलॉइस अल्झायमर यांनीं १९०६ सालीं वर्णिलेला रोग हें स्मृतिभ्रंशाचें सर्वांत मोठें कारण होय. जागतिक आरोग्य संघटनेच्या गणनेप्रमाणें २०२१ सालीं जगांत ५ कोटि ७० लक्ष माणसें स्मृतिभ्रंशानें ग्रस्त होतीं. तेव्हां यांत लपविण्याजोगें कांहीं नाहीं. कित्येकदां विस्मृति जीवनसत्त्वाच्या अभावानेंही येते व औषधानें सुधारते. म्हणून प्रथम डॉक्टरांस दाखवावें.

“ज्यांस मिस्सा कळत नाहीं, त्यांस ख्रिस्तप्रसाद कशास?” असें आम्हांस पुष्कळ घरीं विचारण्यांत येतें. बंधूंनो, बाप्तिस्म्यानें आत्म्यावर उमटलेला ठसा मेंदूच्या रोगानें पुसत नाहीं. आपलें तारण आपल्या स्मरणशक्तीवर अवलंबून नाहीं. आई लेंकरास विसरली तरी देव आपणांस विसरत नाहीं, हीच यशया संदेष्ट्याच्या ४९ व्या अध्यायाची शिकवण. बौद्धिक अपंगत्व असलेल्यांसही शक्य असेल तेव्हां ख्रिस्तशरीर द्यावें, तीं माणसें आपल्या कुटुंबाच्या व धर्मसमाजाच्या श्रद्धेनेंही तें स्वीकारितात, असें पोप १६ वे बेनेडिक्ट यांनीं २००७ च्या बोधपत्रांत सांगितलें. तोच न्याय आपल्या वडीलधाऱ्यांस लावावा. घास गिळवत नसेल तर ओस्तीचा लहानसा कणही पुरे; त्यांत ख्रिस्त संपूर्ण आहे. तैलाभ्यंगाविषयीं १९८३ च्या धर्मसंहितेचें १००६ वें कलम म्हणतें कीं, शुद्धींत असतांना ज्यानें हा संस्कार निदान अप्रत्यक्षपणें इच्छिला, त्यास तो द्यावा. जन्मभर मिस्सेस येणाऱ्यानें तो इच्छिला नाहीं, असें कोण म्हणेल?

घरीं वागतांना “मला ओळखलें का?” अशी परीक्षा घेऊं नये, आपणच आपलें नांव सांगावें. घरच्या बोलींत, मग ती वाडवळी असो वा सामवेदी, शांतपणें बोलावें. रोजरी मोठ्यानें म्हणावी. सकाळचें जेवण विसरणाऱ्यांच्या ओठीं बाळपणीं पाठ झालेली प्रार्थना पुष्कळदां येते.

आतां सेवा करणाऱ्यांविषयीं. रात्र रात्र जागणारी सून वा लेक रविवारीं मिस्सेस दिसली नाहीं, तर तिची श्रद्धा थंडावली असें कोणीं म्हणूं नये. शेजाऱ्यानें तासभर तिच्या घरीं बसावें व तिला मंदिरांत पाठवावें. आळीआळींतून अशा घरांचीं नांवें आम्हांस कळवावीं. दर महिन्याच्या पहिल्या शुक्रवारीं आम्ही ख्रिस्तप्रसाद घेऊन येऊं, आणि घाईनें परतणार नाहीं.

ज्यांनीं आपला हात धरून आपणांस क्रुसाची खूण करावयास शिकविलें, ते आज ती खूण विसरले असतील. आतां आपण त्यांचा हात धरूं या. प्रभु आपणां सर्वांस आशीर्वाद देवो.